म्हणे 'डेटा आणतो'!

एआय एजंटला, म्हणजे स्वतः कामं करणाऱ्या एआय मॉडेलला, वापरायला दिलेल्या टूलचं (त्याने बोलवायच्या फंक्शनचं) नाव 'गेट डेटा' आणि डिस्क्रिप्शन काय, तर 'डेटा आणतो'. अरे पण कुठला, कोणाचा? मग एजंटने ऑर्डरऐवजी कस्टमर शोधला की सगळे मॉडेलच्या नावाने बोंबा मारणार. बाबांनो, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही हो, नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढ्यावरच ते ठरवतं कुठलं टूल उचलायचं. तारीख नुसती स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, म्हणून टाकून मोकळे, आता 03/04 म्हणजे 3 एप्रिल का 4 मार्च हे त्याने काय पंचांगात बघायचं? वर 'सर्च' नि 'फाइंड' अशी जुळी टूलं शेजारी शेजारी, कुठलं कधी वापरायचं नाही ही एक ओळ लिहायला जीव जातो, पण सिस्टम प्रॉम्प्टमधे, म्हणजे मॉडेलला सुरुवातीला दिलेल्या सूचनांमधे, मात्र 'नीट विचार करून योग्य टूल वापर' असा उपदेश हमखास!