नावाडी कवीची खोगीरभरती मला मोलाची का वाटते

शेक्सपिअरच्या काळातलं लंडन म्हटलं की आपण चार-पाच नाटककारांपाशी थांबतो. त्याच लंडनमधल्या एका माणसाबद्दल मला मनापासून लिहायचंय. जॉन टेलर (१५७८–१६५३), थेम्स नदीवर उतारूंची ने-आण करणारा नावाडी. शाळेत लॅटिनपाशी गाडी अडली, मग हातात वल्हं आलं. पुढे या माणसाने दीडशेच्या वर पुस्तकं-पुस्तिका छापल्या आणि ‘वॉटर पोएट’ म्हणून नाव कमावलं.

वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जेमतेम तळटीप मिळते. पोटासाठी काहीबाही लिहिणारा, एवढंच. मला हे पटत नाही. सुटी कविता घेतली तर तो सामान्य आहे, हे खरं. कोट्या नको इतक्या ताणतो. भारतापर्यंत पायी आलेल्या आणि १६१७ मध्ये सुरतेला वारलेल्या टॉमस कोरिएटची त्याने वर्षानुवर्षं केलेली टिंगल मला आजही खटकते. पण त्याचं सगळं लिखाण एकत्र वाचा!

१६३७ चं ‘कॅरिअर्स कॉस्मोग्राफी’ घ्या. कोणत्या गावचा मालवाहक लंडनच्या कोणत्या सराईत, कोणत्या वारी उतरतो, याची ही यादी. ती जमवायला टेलर सराया पालथ्या घालत फिरला. हा आपल्यावर कर बसवायला आलाय, असा लोकांना संशय! परगावी पत्र किंवा गाठोडं पाठवणाऱ्या साध्या माणसाची सोय तेव्हा किती थोरांना सुचली होती? हाच माणूस बोटभर आकाराच्या पुस्तकात बायबलचा पद्यसारांश देतो, केंटमधल्या एका अचाट खादाडावर पुस्तिका लिहितो, निव्वळ निरर्थक कविता रचतो. ज्याच्या धाग्यांपासून दोर आणि कागद बनत, त्या हेम्प नावाच्या झाडाच्या बियांच्या स्तुतीत तर तो दोरखंडावरून कागदावर येतो आणि कागदामुळे टिकलेल्या कवींमध्ये स्पेन्सर-शेक्सपिअरची नावं घेतो. वर्ष १६२०, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराचा संग्रह, निघायच्या तीन वर्षं आधी. त्याच कवितेत कागदाच्या होडीतून केलेला प्रवासही येतो. वल्ह्यांच्या जागी काठ्यांना बांधलेले सुके मासे होते. होडीचा तळ लवकरच भिजून फाटला आणि हवा भरलेल्या फुग्यांनी टेलर आणि त्याच्या सोबत्याला तारलं.

त्याच्या धंद्याच्या अकलेबद्दल मला विशेष आदर आहे. १६१८ मध्ये खिशात पैसे न घेता तो लंडनहून स्कॉटलंडला निघाला. निघण्याआधी लोकांच्या सह्या घेतल्या: परत येऊन पुस्तक देईन, तेव्हा पैसे द्या. सोळाशेवर लोकांनी सह्या केल्या. पुस्तक आलं आणि कित्येकांनी हात वर केले. टेलरने त्या बुडव्यांवरच पुढचं पुस्तक काढलं! आश्रयदात्या सरदाराच्या दारात ताटकळण्याऐवजी थेट वाचकांच्या जिवावर लिहायचं, हे धाडस तेव्हा सोपं नव्हतं.

१६३० मध्ये त्याने आपल्या ६३ रचना एका जाडजूड फोलिओत छापून घेतल्या. नाटककार बेन जॉन्सन आणि शेक्सपिअर यांचे संग्रह ज्या मोठ्या आकारात निघाले, त्याच आकारात. याला आगाऊपणा म्हणणारे खुशाल म्हणोत. नदीवरची, सराईतली, गुत्त्यातली माणसं त्या मानाच्या आकारात आली, ती टेलरमुळे.

वाचायचं असेल तर स्कॉटलंडच्या प्रवासापासून सुरुवात करा. लीथला त्याला बेन जॉन्सन भेटतो आणि आपल्या नावाने प्यायला बावीस शिलिंगांचं सोन्याचं नाणं देतो, तो भाग चुकवू नका.