रामरीच्या दलदलीत मगरींनी हजार सैनिक खाल्ले नव्हते

दुसऱ्या महायुद्धातील एक हकीकत समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. तिचा आशय थोडक्यात असा : फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यालगतच्या रामरी बेटावर सुमारे हजार जपानी सैनिक माघार घेताना खारफुटीच्या दलदलीत शिरले, १९ फेब्रुवारीच्या रात्री खाऱ्या पाण्यातील मगरींनी त्यांच्यावर झडप घातली, सकाळी जेमतेम वीस जण जिवंत उरले, ही घटना एका शास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली असून गिनीज बुकातही तिची नोंद आहे. काही पोस्टमध्ये विषारी साप आणि विंचू यांचीही भर असते, आणि शेवटी निसर्गाने आक्रमकांचा सूड उगवला, असे एक वाक्य जोडलेले असते. यातील बहुतेक विधाने चूक किंवा अर्धवट आहेत. ती एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते, कारण या हकिकतीत खऱ्या माणसांचे खरे मरण आहे आणि ते कशाने आले हे सांगताना वाटेल ते लिहून चालणार नाही.

आधी घटनाक्रम पाहू. मध्य ब्रह्मदेशातून रंगूनकडे सरकणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याला विमानाने रसद पोहोचवण्यासाठी किनाऱ्यावर धावपट्ट्या हव्या होत्या, म्हणून रामरी ताब्यात घ्यायचे ठरले. २१ जानेवारी १९४५ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेच्या तोफमाऱ्याच्या आडोशाने २६ व्या भारतीय पायदळ डिव्हिजनचे जवान बेटाच्या उत्तरेकडील क्याउकप्यूजवळ उतरले आणि दक्षिणेकडे सरकू लागले. जपानी तुकडी चिवटपणे लढली. मात्र तिच्या ठाण्याला बगल दिली गेल्यावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, उरलेले सैनिक बेटाच्या पूर्वेकडील सुमारे १६ किलोमीटर रुंदीच्या कांदळवनात शिरले. पलीकडे मुख्य भूमी होती आणि तेथे त्यांचे सैन्य होते. मधल्या खाड्यांच्या तोंडाशी ब्रिटिश विनाशिका आणि मोटर लाँच पहारा देत उभ्या होत्या. ही नाकेबंदी २२ फेब्रुवारीपर्यंत चालली. हजार माणसे एका रात्रीत संपल्याचे पोस्ट सांगतात, पण प्रत्यक्षात त्या दलदलीतील मृत्यू दोन आठवड्यांत पसरलेले आहेत, आणि हा तपशील गाळला की बाकीची गोष्ट पटणे फार सोपे होते.

आता ‘वीस जण उरले’ या विधानाकडे वळू, कारण सगळी कहाणी त्यावरच तोललेली आहे. वीस हा आकडा कोणाच्या मनातून आलेला नाही. सुमारे वीस जपानी सैनिक कैद झाले होते. शरण येण्याची आवाहने बाकीच्यांनी धुडकावली होती आणि जपानी सैन्यात कैद होणे मरणापेक्षा वाईट मानले जात असल्याने कैद्यांची संख्या इतकी कमी असणे मुळीच नवल नाही. कैद झालेले वीस म्हणजे वाचलेले वीस असे मात्र होत नाही. जपान्यांनी मुख्य भूमीवरून लहान होड्या पाठवून आपल्या माणसांना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, ११ फेब्रुवारीला त्यांच्या विमानांच्या हल्ल्यात ‘पाथफाइंडर’ ही ब्रिटिश विनाशिका निकामी झाली, आणि रात्रीच्या अंधारात पोहत किंवा होड्यांतून निसटलेल्यांची संख्या सुमारे ५०० असल्याचा अंदाज आहे. निम्मी तुकडी निसटली असेल तर मगरींच्या खात्यावर घालायला हजार मृतदेह उरतातच कुठे? आणि जे खरोखर मेले त्यांच्यापैकी किती जण लाँचवरील मशीनगनच्या आणि तोफांच्या माऱ्याने मेले, हा प्रश्न तर या पोस्टमध्ये कधी विचारलाच जात नाही.

‘शास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहिले’ हे तिसरे विधान. ज्यांचा दाखला दिला जातो ते ब्रूस राइट हे कॅनडाचे निसर्गअभ्यासक होते आणि युद्धकाळात नौदलात होते, हे खरे आहे. मात्र त्यांचा मजकूर युद्ध संपून सतरा वर्षे झाल्यावर, १९६२ साली प्रसिद्ध झाला. तो नीट वाचला तर त्यात वर्णन आहे ते लाँचवरील खलाशांच्या अनुभवाचे. मी तेथे होतो आणि मी हे पाहिले, असे ते म्हणत नाहीत. शिवाय त्या वर्णनात दिसण्यापेक्षा ऐकू येणेच अधिक आहे : काळ्याकुट्ट अंधारात तुरळक गोळीबार, जखमींच्या किंकाळ्या, पाण्यातील घुसळण, आणि पहाटे उतरलेली गिधाडे. खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या होडीतून, मुळांच्या जाळ्यापलीकडे, रात्री जे ऐकू आले त्याचे कारण काय होते हे त्या खलाशांना तरी कसे कळावे? गोळी लागलेला माणूसही किंचाळतो, बुडणाराही किंचाळतो. उलट मोठी मगर सावज धरते ती त्याला तत्काळ पाण्याखाली ओढते आणि तेथेच अंगाला पीळ देत गरगर फिरवते; तिच्या जबड्यात सापडलेल्याला रात्रभर ओरडत राहण्याची सवड मिळत नाही. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी अहवालांत अशा संहाराचा उल्लेख सापडत नाही, ही गोष्टही बोलकी आहे. शत्रूची अख्खी तुकडी मगरींनी फस्त केली असती, तर लष्करी अधिकाऱ्यांनी ते कागदावर उतरवले नसते, यावर माझा विश्वास बसत नाही.

गिनीजच्या नोंदीविषयी फार लिहायची गरज नाही. ती स्वतंत्र तपासणीतून आलेली नाही. तिच्या मुळाशी राइट यांचेच वर्णन आहे. एकच साक्ष दोन ठिकाणी छापली गेली म्हणून तिच्या दोन साक्षी होत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मगरीचा स्वतःचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. खाऱ्या पाण्यातील मगर हा जगातला सर्वांत मोठा सरपटणारा प्राणी आहे. नर पाच मीटरपर्यंत सहज वाढतो, क्वचित सहा मीटरच्याही पुढे जातो, आणि त्याच्या तावडीतून माणूस सुटणे अवघड आहे, याबद्दल वाद नाही. पण हा प्राणी शीतरक्ताचा आहे. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला सस्तन प्राण्यांसारखे सतत खावे लागत नाही. मोठे भक्ष्य एकदा पोटात गेले की ते पचेपर्यंत तो दिवसचे दिवस स्वस्थ पडून राहतो आणि वेळ आली तर महिनोन्‌महिने उपाशी काढतो. प्रौढ नर आपापला टापू राखतात आणि दुसऱ्या नराला सहसा जवळ फिरकू देत नाहीत. शिकारीची पद्धत दबा धरून बसण्याची असते, टोळीने चढाई करण्याची नसते. आता हिशेब करून पाहावा. प्रत्येक मोठ्या मगरीने त्या एका रात्रीत एक अख्खा माणूस संपवला, असे अत्यंत उदारपणे धरले, तरी हजार माणसांसाठी हजार मोठ्या मगरी एका दलदलीत एकाच रात्री गोळा व्हायला हव्यात. मासे, खेकडे, पक्षी आणि अधूनमधून एखादे रानडुक्कर एवढ्यावर जगणाऱ्या त्या खाड्यांत इतक्या मगरी त्या रात्रीपूर्वी कशावर जगल्या असत्या, आणि नंतर कशावर जगल्या असत्या? इतिहासकार फ्रँक मॅक्लिन यांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आहे, आणि या हकिकतीच्या समर्थकांकडून त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

याचा अर्थ मगरींनी कोणालाच मारले नाही, असा नाही, आणि प्रतिवाद करताना हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सरीसृपांचे अभ्यासक स्टीव्हन प्लॅट आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष रामरीला जाऊन आले. युद्धकाळ पाहिलेल्या तेथील वृद्धांशी ते बोलले. त्यांत जपान्यांनी वेठबिगारीला जुंपलेली माणसेही होती. २००१ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोठ्या संख्येने सैनिक मगरींना बळी पडल्याची गोष्ट या गावकऱ्यांनी एकमुखाने फेटाळली. मिन चौंग नावाची खाडी ओलांडताना दहा ते पंधरा जपानी मगरींनी मारले असावेत, इतकेच त्यातून निघाले. दहा-पंधरा माणसांचा असा मृत्यू हीसुद्धा भयानक गोष्ट आहे. छातीभर गढूळ पाण्यात, हातातली बंदूक डोक्यावर धरून, पुढच्याच्या पाठीकडे पाहत चाललेल्या रांगेतून एक माणूस अचानक नाहीसा होतो, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यासाठी ती आकडेवारी नव्हती. याशिवाय गोळीने किंवा बुडून मेलेल्यांची प्रेते मगरींनी खाल्ली असणेही अगदी शक्य आहे, कारण मगर मेलेले मांस सोडत नाही. पहाटेच्या प्रकाशात कुरतडलेली प्रेते पाहून रात्रीच्या किंकाळ्यांशी त्यांचा संबंध कोणी जोडला असेल, तर दंतकथेचा उगम समजून घेता येतो.

साप आणि विंचू यांची भर तर निव्वळ रंगत वाढवण्यासाठी घातलेली दिसते. ब्रह्मदेशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंना सर्वाधिक कारणीभूत असलेला साप म्हणजे घोणस, आणि तिची गाठ पडते ती मुख्यतः भातशेतीत. दिवसातून दोनदा भरतीखाली जाणारा चिखल ही तिची जागा नव्हे. कांदळवनात फांद्यांवर बसणारा विषारी चापडा सापडतो, त्याचा दंश यातनादायक असतो, पण अशा दंशांनी एक तुकडी गारद होत नाही.

त्या दलदलीत सैनिकाचा खरा वैरी असलेला जीव नखाएवढाही नव्हता. खाड्यांच्या मचूळ पाण्यात वाढणारे ॲनोफिलीस जातीचे काही डास हिवताप पसरवतात, आणि आराकानच्या किनाऱ्यावर ते मुबलक आहेत. चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल विल्यम स्लिम यांनी नोंदवले आहे की १९४३ मध्ये त्यांच्या सैन्यात जखमी होऊन मागे न्यावा लागलेल्या दर एका जवानामागे १२० जवान आजारपणामुळे मागे न्यावे लागत होते. हिवताप, हगवण, कातडीचे विकार आणि गोचिडीसारख्या सूक्ष्म किड्यांतून होणारा स्क्रब टायफस ही त्याची मुख्य कारणे होती. जवान हिवताप रोखणाऱ्या मेपॅक्रिनच्या गोळ्या नियमित घेतात की नाही याची स्लिम अचानक तपासणी करवीत आणि ज्या पलटणीत हयगय आढळे तिच्या प्रमुखाला पदावरून दूर करीत. औषधे, रुग्णालये आणि विमाने हाताशी असलेल्या सैन्याची ही अवस्था होती, तर रसद तुटलेल्या, शिधा संपलेल्या जपानी तुकडीचे काय झाले असेल याची कल्पना करावी. त्यातही सर्वांत आधी भेडसावली असेल ती तहान. कांदळवनात चहूकडे पाणी असते आणि त्यातला घोटही पिण्याजोगा नसतो; ते खारे पाणी प्यायल्याने शरीरातले पाणी आणखी वेगाने कमी होते. फेब्रुवारी हा तेथे कोरडा महिना असल्याने पावसाचा आधारही नव्हता. जखम झालेला, हगवणीने खंगलेला, तहानेने भ्रमिष्ट झालेला माणूस भरतीच्या वेळी चिखलात रुतला, की त्याला मारण्यासाठी कोणत्याही प्राण्याची गरज उरत नाही.

शेवटी सूडाचे वाक्य. जपानी सैनिक त्या दलदलीत निसर्गाच्या ओढीने गेले नव्हते. २६ व्या डिव्हिजनच्या जवानांनी लढून त्यांना तिकडे ढकलले होते, त्या लढाईत आपल्याकडची माणसेही पडली होती, आणि बाहेर पडण्याची प्रत्येक वाट नौदलाने बंदुका रोखून अडवली होती. मगरींची कहाणी सांगताना हे सारे श्रम आणि सारी जबाबदारी एका प्राण्याच्या माथी मारली जाते, आणि हा प्राणी आजच्या म्यानमारमध्ये मुख्यतः इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील मेनमाहला क्युन अभयारण्याच्या आसऱ्याने तग धरून आहे.