यूज काय आहे?

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरपलीकडच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "यूज काय आहे?"

इतका खासगी प्रश्न मला आजवर कुणी चारचौघांत विचारला नव्हता. मागे तीन गिऱ्हाइकं उभी, शेजारी बायको. मी घसा खाकरून म्हणालो, "नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे?"

"म्हणजे... घरगुती."

त्याने आता मान वर केली. शेगडी घ्यायला निघालेला माणूस चुकून आपल्या दुकानात शिरला की काय, असं त्याला वाटलं असावं. "बजेट सांगा, काका," तो म्हणाला. तेही मला बायकोसमोर सांगता येईना, कारण तिला सांगितलेला आकडा आणि मनातला आकडा यांत पंधरा हजारांचं अंतर होतं. "नुसतं बघायला आलो होतो, पितृपक्ष आहे ना," असं म्हणून मी सटकलो. घरात नवी वस्तू न आणण्याचा हा पंधरवडा माझ्यासारख्यांसाठीच राखून ठेवलेला असावा.

जुना कॉम्प्युटर २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची गरगर फिरणारी हार्ड डिस्क. त्याचा वेग आमच्याकडे सेकंदांत मोजत नाहीत, आईच्या जपमाळेवर मोजतात. सकाळी आई बटण दाबते, खुर्चीत बसते, पाय टेबलाखालच्या कॅबिनेटवर ठेवते आणि माळ ओढायला घेते. १०८ मणी होऊन मेरुमणी बोटाला लागला की पडद्यावर चित्रं उमटतात. मग ब्राउझरवर क्लिक करून आणखी अर्धी माळ, आणि कीर्तन सुरू. कॉम्प्युटर हळू चालतो अशी तक्रार तिने कधी केली नाही. उलट, याच्यामुळे माझा जप होतो, म्हणते.

गणपतीत त्याच्यावर निरोप झळकला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. विंडोज ११ वर जावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा चौथीतच राहिलेला. "चांगलं काम करणाऱ्याला तारीख बघून घरी बसवतात," बाबा म्हणाले. ते स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालेत. अकरा वर्षं ज्याच्यावर खेकसले, त्या यंत्राबद्दल त्यांना एकाएकी माया वाटायला लागली.

हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. प्रत्येक मराठी घराला असा एक भाचा दिलेला असतो. तो कंपनीत नेमकं काय करतो ते कुणाला ठाऊक नसतं, पण प्रिंटर अडकला की त्यालाच बोलावतात.

"मामा, विंडोज काढून लिनक्स टाक. फुकट आहे."

फुकट हा शब्द ऐकून बाबा कॉटवर उठून बसले. पण त्यांचा सगळा पत्रव्यवहार जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे, युनिकोडच्या आधीच्या काळातला. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'माननीय संपादक' या जागी इंग्रजी अक्षरं आणि अर्धविराम यांची खिचडी दिसते. बाबांनी आमच्या रस्त्याच्या फुटपाथबद्दल वर्तमानपत्राला लिहिलेली अकरा वर्षांची पत्रं त्यात आहेत. फुटपाथ अजून तसाच असल्यामुळे ती जपून ठेवणं भाग आहे, दरवर्षी तारीख बदलून तेच पत्र जातं. लिनक्स बारगळलं.

"जुन्यालाच एसएसडी बसव मग, ती न फिरणारी वेगवान डिस्क. पळेल," भाचा म्हणाला. वेगापुरता हा सल्ला बरोबर होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण एव्हाना मला नवा हवा होता. त्यासाठी कारण शोधायचं होतं, सल्ला नव्हे.

"बरं, मग त्याच्यावर काय काय करायचंय ते लिहून पाठव."

पुन्हा तेच!

रविवारी घरच्यांची बैठक घेतली. प्रत्येकाने आपली गरज सांगायची, मी लिहून घ्यायची. बारावीतली लेक म्हणाली, "प्रोजेक्टसाठी ग्राफिक्स कार्ड लागेल." कुठला प्रोजेक्ट, हे विचारल्यावर ती म्हणाली, "पुढे लागतील ना." बायको सोसायटीची खजिनदार. तिला एक्सेल हवं आणि जुना प्रिंटर चालायला हवा. बाबांना मराठी टायपिंग आणि 'संशोधन'. आई म्हणाली, मला काही नको, तुम्ही घ्याल ते. आणि मी? मी वहीत स्वतःच्या नावापुढे लिहिलं: 'लेखन, फोटो एडिटिंग, थोडं व्हिडिओचं काम.' व्हिडिओचं काम म्हणजे काय करतात ते मला माहीत नाही. पण नुसतं 'लेखन' फार पोरकं दिसत होतं.

यादी वाचून भाच्याने ४२ मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक तरुण दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून कुठला सेकंदाला १४४ चित्रं दाखवतो आणि कुठला नुसतीच ९०, हे गहिवरून सांगत होता. मी तो दोनदा पाहिला. सोसायटीच्या टँकरचं बिल सेकंदाला १४४ वेळा दिसलं म्हणून कमी होणार नव्हतं, तरी १४४ चाच घ्यावा असं वाटायला लागलं. पुढचे आठ दिवस मी जेवताना कॅश मेमरीबद्दल बोलत असे. आमच्याच पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मंडळींनी १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यांच्याही बायकांनी एवढं ऐकून घेतलं नसेल.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पुन्हा गल्लीत. या खेपेला बाबा सोबत, आणि बाबांच्या खिशात मोजपट्टी.

"२४ इंची मॉनिटर दाखवा." मुलाने दाखवला. बाबांनी पट्टी आडवी लावली. "हा एकवीससुद्धा नाही!"

"काका, तो कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात."

"तिरका?" बाबांनी दुकानभर पाहिलं, कुणी साक्षीदार मिळतो का म्हणून. "असं कापड मोजलं असतं तर लोकांनी चड्ड्याच घातल्या असत्या."

मग स्टोरेज. ५१२ जीबीची एसएसडी, असं मुलगा म्हणाला आणि शेजारच्या चालू मशीनवर दाखवायला गेला, तर तिथे ४७६. बाबा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. यात चोरी नाही. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. मुलाने हे समजावायचा बराच प्रयत्न केला. शेवटी मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, ५१२ बिल्टअप, ४७६ कार्पेट." बाबांना क्षणात पटलं. जिन्याचे आणि लिफ्टचे ३६ जीबी त्यांनी खळखळ न करता सोडून दिले.

पुढच्या दुकानात तर घबाड होतं. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, आणि किंमत आमच्या बजेटच्या निम्मी. मालक म्हणाले, "साहेब, आय-सेव्हन आहे, डोळे झाकून न्या." मी खरंच डोळे झाकले असते, पण त्या व्हिडिओचा एक उपयोग झाला. "पिढी कितवी?" मी विचारलं. मालकांचा चेहरा पडला. दुसरी निघाली. म्हणजे मूळ २०११ च्या सुमाराचा माल, पुसूनपासून मांडलेला. पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं नाही, हे आपल्याला दर उन्हाळ्यात कळतं. पण कॉम्प्युटर घेताना आपण पेटीच वाचतो. अलीकडच्या बाराव्या पिढीचा साधा आय-थ्रीसुद्धा त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. हे मी मालकांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा मागवला.

पहिल्या दुकानातल्या मुलाने तेवढ्यात कागदावर हिशोब करून दिला. बाराव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबीची रॅम १८०० रुपये, एसएसडी, मॉनिटर, सगळं मिळून ३८ हजार. दसऱ्याला घेऊन टाकायचा. पण आपट्याची पानं वाटून झाल्यावर माझ्या मनात आलं, दिवाळीत आणखी उतरेल. दिवाळीत लेक म्हणाली, नोव्हेंबरात ऑनलाइन सेल असतात. नोव्हेंबरात मी म्हणालो, वर्ष संपताना जुना स्टॉक काढतात. मी इतका सावध ग्राहक झालो होतो की घेण्याचं काम तेवढं राहून गेलं होतं.

आणि जगात नेमकं तेव्हाच रॅम महागायला लागली. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, म्हणून चिप बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडे माल वळवला आणि आमच्यासारख्या नॉर्मल यूजवाल्यांच्या वाट्याचा आटला. डिसेंबरात फोन केला, तर १८०० ची पट्टी ४२०० ला. "उद्या आणखी वाढेल, काका." बोटाएवढ्या त्या पट्टीचा भाव मी रोज सोन्यासारखा विचारत होतो. बायको म्हणाली, दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटलीत, त्याऐवजी ती पट्टी घेतली असती तर?

त्याच रात्री तिने वही काढली.

टँकरच्या नोंदी करायची सोसायटीची वही. शेवटच्या पानांवर तिने एक आठवडा, कुणाला न सांगता, जुन्या कॉम्प्युटरवर कोण किती वेळ काय करतो ते टिपून ठेवलं होतं. खजिनदार आहे ती. टँकर किती वाजता आला आणि पाइप किती वाजता निघाला हे जशी लिहिते, तसंच हे.

'लेक: एक तास, गाणी. बाकी वेळ मोबाइलवरच.' 'बाबा: पावणेदोन तास. पत्र एक. संशोधन: लग्नाच्या जाहिराती.' (बाबा म्हणाले, समाज कुठे चाललाय ते बघायला नको?) 'आई: कीर्तन, सहा तास.' 'मी: एक्सेल, दोन तास.' आणि मग सगळ्यांत लांब नोंद. 'ह्यांचं लेखन: २५ मिनिटं. पत्त्यांचा डाव: ४ तास १० मिनिटं. व्हिडिओचं काम: नाही.'

"पत्ते लावताना सुचतं मला," मी म्हणालो.

"हो ना. म्हणून वेगळं लिहिलंय. सुचलेलं कुठे लिहू ते कळेना."

शनिवारी आम्ही दोघं गल्लीत गेलो. मुलाने सवयीने विचारलं, "यूज काय आहे?" बायकोने वही उघडून काउंटरवर ठेवली. त्याने ती वाचली, पान उलटून टँकरच्याही थोड्या नोंदी वाचल्या. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं रिपोर्ट आल्यावर डॉक्टर पाहतात: घाबरण्यासारखं काही नाही, पण अभिमानाने सांगण्यासारखंही काही नाही.

"ग्राफिक्स कार्ड नको," त्याने आधीच्या कोटेशनवर मी जादा लिहून घेतलेली ओळ खोडली. "रॅम १६ जीबी नको, ८ बास. एक खाच रिकामी ठेवतो, भाव उतरला की टाका. यूपीएस घ्या. विंडोज ओरिजिनलच घ्या, क्रॅकवालं मी टाकत नाही." पाच मिनिटांत आटपलं. तीन महिने मी ज्याला कॉम्प्युटरची निवड म्हणत होतो, ती खरं तर एक ओळ खरी लिहिण्याची टाळाटाळ होती, आणि ती ओळ अखेर बायकोनेच लिहिली. दसऱ्यापेक्षा चार हजार जास्त गेले. एवढ्यात माझा बजेटचा मनातला आकडाही तिने काढून घेतला, त्यामुळे उरलेल्या पैशांत गॅलरीला जाळी बसली.

भाच्याने येऊन सगळं जोडून दिलं. बाबांचा फॉन्टही टाकला, आणि पत्रं उघडली तेव्हा फुटपाथ जसाच्या तसा होता. माझे पत्तेही आहेत. इतके भराभर पडतात की सुचायला वेळ मिळत नाही.

नवं कॅबिनेट आम्ही टेबलावर ठेवलं. जुनं भंगारवाल्याला द्यायला मी उचललं, तर आई म्हणाली, "ते कुठे नेतोस? मी पाय कशावर ठेवू?" त्यामुळे आतली डिस्क काढून घेतली आणि कॅबिनेट जागेवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्याचं बटण दाबलं, पाय जुन्यावर ठेवले आणि माळ हातात घेतली. अकराव्या मण्याला पडदा उजळला. आई दचकली. मणी बोटात तसाच धरून तिने मला हाक मारली.

"अरे, हे आताच सुरू झालं! आता जपाचं कसं करायचं?"

तिनेच मार्ग काढला. आता ती आधी शांतपणे माळ पूर्ण करते आणि मगच बटण दाबते. आमचा नवा कॉम्प्युटर ११९ मण्यांत सुरू होतो.