हातच्याची वजाबाकी कोण शिकवणार?

बेळगावातल्या आरपीडी क्रॉसच्या कट्ट्यावर या रविवारी जो वाद पेटला, त्याला निमित्त झाला एक फोटो. जांबोटीच्या पुढे, पार रानाला लागून असलेल्या एका वाडीवरच्या मराठी शाळेत कुठल्याशा मंडळाने दफ्तरं वाटली. फोटोत मंडळाचे लोक खुर्च्यांवर बसलेत आणि पोरं त्यांच्या मागे दफ्तर छातीशी धरून उभी आहेत. दादूने मोबाईल सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "दरवर्षी दफ्तरंच वाटूलाल्यात. त्या शाळेतल्या चौथीच्या पोरीकडं तीन दफ्तरं हाईत. वाचायला येत नाही."

दादू उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी दोघा-तिघा मित्रांना घेऊन त्या वाडीवर शिकवायला जातो. त्याचं बोलणं अण्णांना लागलं. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या अण्णांनी अशा वाटपाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. "मग काय गा, आम्ही द्यायचंच नाही?" त्यांनी थेट विचारलं.

दादूने उत्तर द्यायच्या ऐवजी वहीचं एक पान काढलं. त्यावर पेन्सिलीने 52 वजा 27 मांडलेलं, खाली उत्तर 35. पाचवीतल्या मुलीचं अक्षर, अगदी वळणदार. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले आणि पाच मांडले, मग पाचातून दोन काढून तीन. तिच्या लेखी गणित बरोबर आहे. तिने कुठेही आळस केलेला नाही. दुसरीत असताना हातचा का घ्यायचा हे तिच्याजवळ बसून कुणी दाखवलं नाही, आणि पुस्तक मात्र पुढे भागाकाराला, अपूर्णांकाला निघून गेलं. दादूने काडेपेटीतल्या काड्या घेतल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि एक जुडी तिच्याच हाताने सोडवायला लावली. अर्ध्या तासात तिला उमगलं. मला त्या वादातलं सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल, तर ते हे पान. कारण त्यात दिसतं की मूल नेमकं कुठे अडकलंय, आणि ते सोडवायला पैशापेक्षा माणूस लागतो.

गुरुजींनी पान डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. "ही चूक मी हजार वह्यांत बघितलीय," ते म्हणाले. "पण दोष कुणाचा? कायदा म्हणतो, साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. वाडीवरच्या शाळेत पोरं पंधरा-वीस, वर्ग पाच. दोघांतला एक मीटिंगला, ट्रेनिंगला, नाहीतर सर्व्हेला गेला की दुसरा एकटा. पहिलीला पाटी द्यायची, पाचवीला भूगोल द्यायचा, मधेच दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या भाताकडं बघायचं. नलि-कलि, म्हणजे खेळत शिकायची पद्धत आणून पहिली ते तिसरी एकत्र बसवली, कार्डं दिली, चांगलं केलं. पण कार्ड पोराच्या शेजारी बसत नाही."

आणि मग त्यांनी खरा मुद्दा काढला. "तुम्ही फुकट शिकवायला गेलात की वर कुणीतरी लिहितंय, तिथं चाललंय की सगळं व्यवस्थित. मग शिक्षकाची जागा भरायची कशाला? सीमाभागातली मराठी शाळा अशीच बंद पडते, दादू. तुमच्या चांगुलपणानं पडते."

वकिलांनी लगेच दुजोरा दिला. 1956 साली राज्य पुनर्रचनेबरोबर सातवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम 350-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिकायची पुरेशी सोय करायचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असं त्यात लिहिलंय. "आपण सोय मागायची सोडून सोय करत बसलो तर मागणारा उरणार कोण?" हा त्यांचा सवाल.

मला हा आक्षेप हलका वाटत नाही. पण त्याचं उत्तर थांबणं हे असू शकत नाही. आपल्याकडे प्राथमिक शाळा सातवीला संपते. आठवीला मूल जांबोटीला, कणकुंबीला, नाहीतर थेट खानापूरला जातं. ज्याला सातवीपर्यंत सलग वाचता येत नाही, ते मूल त्या हायस्कूलच्या बाकावर फार दिवस टिकत नाही. पोरगी असेल तर घरी बसते, पोरगा असेल तर गोव्याकडे कामाला जातो. जागा भरण्याचा अर्ज मंजूर होईल तेव्हा होईल. आज पाचवीत असलेली पोरगी तोवर पाचवीत थांबणार नाही.

एवढा वेळ गप्प असलेल्या ताई इथे बोलल्या. त्या सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका आहेत, वर्षभराच्या नेमणुकीवर. "दादू, राग मानू नको. तू रविवारी जातोस. सोमवारी ती पोरगी परत पस्तीस लिहिते. जून ते सप्टेंबर तर तुला जायलाच मिळत नाही, नाल्याला पाणी आलं की साकवावरून माणूस जाईना. तुझ्या शिकवण्यात खोट नाही, तुझ्या येण्यात आहे."

दादूचा चेहरा उतरला, पण ताईंचं बोलणं मला शंभर टक्के पटलं. शहरातून येणारा स्वयंसेवक मुलाला आनंद देतो, सवय देऊ शकत नाही. वाचन ही सवयीची गोष्ट आहे.

हे नुसतं आमच्या कट्ट्याचं मत नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 पासून 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची नीट चाचणी झाली. वस्तीतल्याच, साधारण दहावी झालेल्या मुली घेतल्या, त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांचे लहान गट करून त्या रोज दोन तास, शाळेच्याच वेळेत, अक्षरओळख आणि साधं गणित शिकवायच्या. मुलांचे गुण वाढले, आणि जी सर्वात मागे होती त्यांना जास्त फायदा झाला. पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो त्या अभ्यासात होते. त्याच मंडळींनी नंतर उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये दुसरी गोष्ट तपासली. तिथे गावातल्या तरुणांनी शाळा सुटल्यावर बिनपगारी वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती खरंच वाचायला लागली, पण आलीच फार थोडी. नापास झाली ती वेळ.

ताई म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर आमची पोरं म्हशी आणायला जातात. वर्ग शाळेतच, दुपारच्या आधी. त्याला हेडमास्तरांची परवानगी आणि एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचा ठराव पाहिजे. एसडीएमसीत पालकच असतात, ते नाही म्हणणार नाहीत."

"आणि शिकवणार कोण?" अण्णांनी विचारलं.

"वाडीत पीयूसी, म्हणजे बारावी झालेल्या दोन पोरी घरी बसल्यात. त्यांना मानधन द्या."

"सेवेला पैसे?" अण्णा चमकले. इथे मात्र माझा आवाज चढला. दफ्तरांवर दरवर्षी हजारो रुपये जातात ते आपल्याला दान वाटतं, आणि रोज दोन तास बसणाऱ्या मुलीच्या हातावर महिन्याला काही ठेवायचं म्हटलं की ती सेवा राहत नाही, हे कुठलं माप? बालसखीलाही महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये मिळायचे. त्या पैशाने घरात तिची बाजू भक्कम होते, आणि "उद्यापासून जाऊ नको, भाताच्या कामाला चल" असं म्हणायला बापाला जड जातं. अण्णा काही बोलले नाहीत, पण खिशातून छोटी वही काढून त्यांनी आकडे मांडायला सुरुवात केली.

सगळ्यात मोठी ठिणगी पडली ती कन्नडवरून. ताई सहज म्हणाल्या, "पाचवीपासून पुढच्या पोरांना कन्नड वाचायलाही बसवू. कित्तूरकडची माझी एक कन्नड मैत्रीण यायला तयार आहे."

वकील उसळले. "मराठी शाळा वाचवायला निघालाय की कन्नड शिकवायला? 2015 च्या कायद्यानं कन्नड सक्तीची केली, आता तुम्ही घरपोच देणार!" 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाप्रश्नाचा दावा, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल, लाठ्या खाल्लेली माणसं, सगळं निघालं. त्यांच्या घरातल्या माणसांनी तुरुंग भोगलाय. त्यांच्या बोलण्यातली कळकळ खरी आहे, आणि सक्तीबद्दल माझं मतही त्यांच्यापेक्षा वेगळं नाही.

पण ताईंनी जे सांगितलं ते त्यांना खोडता आलं नाही. "वकीलसाहेब, दहावीचं बघा. मराठीत आमची पोरं चांगली असतात. विज्ञानात धडपडून पास होतात. कन्नडच्या पेपरात पान कोरं. एका विषयानं दहावी अडते. कन्नड नको म्हणून ती मराठी राहत नाहीत, नापास राहतात. बसचा बोर्ड सुद्धा रंगावरून, ड्रायव्हर बघून ओळखायचा त्यांनी? तहसीलदार कचेरीतला कागद कुणाकडून वाचून घ्यायचा?"

मी ताईंच्या बाजूचा आहे. मराठी शाळेत मुलांना घालणारा बाप आज जी भीती बोलून दाखवतो ती हीच, की पोरगं पुढे अडेल. त्या भीतीपोटी तो गावातली मराठी शाळा सोडून इंग्रजी शाळेची व्हॅन लावतो. मराठीतून पक्कं शिकलेलं आणि कन्नड बिनधास्त वाचणारं मूल दिसलं, तर शेजारचा बाप व्हॅन लावायच्या आधी दोनदा विचार करेल. शिवाय पहिली-दुसरीचं मराठी वाचन कच्चं असेल तर कन्नड अक्षरांना हात लावायचाच नाही, हे ताईंनीच बजावलं. आधी एक लिपी घट्ट.

बाहेरून पुस्तकं पाठवणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. कोल्हापूर-पुण्याहून प्रेमाने येणारी बालभारतीची पुस्तकं आणि गाईडं गोष्टी वाचायला उत्तम, पण आमच्या मुलांचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा आहे. धडे वेगळे, परीक्षा वेगळी. गोष्टींची पुस्तकं पाठवा, मोठ्या अक्षरांची, भरपूर.

रात्री साडेनऊला कट्टा उठला तेव्हा ठरलं ते असं. अण्णा दोघी मुलींचं मानधन मार्चपर्यंत देणार, फोटो न काढता. दादू रविवारी मुलांना शिकवायच्या ऐवजी त्या दोघींना शिकवणार: गट कसे पाडायचे, काड्यांच्या जुड्या कशा वापरायच्या, महिन्याने तपासणी कशी घ्यायची. गुरुजी एसडीएमसीच्या बैठकीला यायला तयार झाले, पण अटीवर. वर्गाच्या ठरावाआधी रिकाम्या शिक्षकपदाचा अर्ज पालकांच्या सह्यांनिशी त्याच बैठकीत झाला पाहिजे, आणि तो वकिलांनी लिहायचा. वकील हो म्हणाले. कन्नडच्या वर्गाला त्यांचा विरोध कायम आहे, आणि पुढच्या रविवारी ते त्यावरच बोलणार आहेत.