‘आयपी६७ बघा आणि बिनधास्त बुडवा’: बोटीच्या ट्रेलरच्या दिव्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की बोट ट्रेलरवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: ‘ट्रेलरला एलईडी बसवा, ५०,००० तास बघायला नको. आयपी६७ लिहिलेला दिवा घ्या आणि बिनधास्त बुडवा. अर्थिंगला वेगळी वायर नको, चेसीस आहेच. कडेनं सिलिकॉन मारा. इंडिकेटर फास्ट झाला तर रेझिस्टर टाका. पंचगंगेचं पाणी गोडं, गंजायची भीती नाही.’

एलईडी घ्यावी, एवढं बरोबर. तिला फिलामेंट नसते, त्यामुळे खड्ड्यांच्या दणक्यानं ती उडत नाही. तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो, तसंही तिचं होत नाही. पुढचं मात्र जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

‘आयपी६७ असला की बिनधास्त बुडवा.’ यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून चाचणी झालेली आहे. ती चाचणी नव्या दिव्यावर आणि गोड्या पाण्यात होते, आणि त्या वेळी दिवा व पाणी यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसतो. ट्रेलर प्रत्यक्षात पाण्यात जातो तो उन्हात तापून, ब्रेक लाइट जळत असताना. दिव्यातली हवा ६० अंशांवरून २५ वर आली की आतला दाब साधारण दहा टक्क्यांनी घटतो, आणि ही ओढ मीटरभर पाण्याच्या दाबाएवढी असते. म्हणजे दिवा वीतभरच बुडाला, तरी सीलवर मीटरभर पाण्याचा जादा भार येतो. रबरी गॅस्केट थोडं जरी दबून चपटं झालेलं असलं तरी पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी लेन्सच्या आत धुकं दिसतं ते याचंच.

म्हणून शिक्क्यापेक्षा बांधणी बघा. लेन्सला स्क्रू असले तर आत गॅस्केट आहे, तो दिवा घेऊ नका. मागून कडक राळ ओतून पूर्ण भरलेला, लेन्स कायमची जोडलेली आणि वायर त्याच ओतीव भागातून बाहेर आलेली, असा दिवा घ्या. आत हवाच नसली तर ओढणार काय? असा दिवा हातात घेतला की आकाराच्या मानानं जड लागतो. पाठीमागे उघड्या पट्ट्यांचे टर्मिनल असतील तर तो ट्रकसाठी ठीक, बोटीच्या ट्रेलरला नको.

बसवण्याआधी दिवा अर्धा तास चालू ठेवा, मग बंद करून गार पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवा. वायरचं टोक मात्र बादलीबाहेर ठेवा, कारण तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी वातीसारखं चढतं आणि इन्सुलेशनच्या आतून थेट दिव्यात पोचतं. ट्रेलरवरही दिव्याचा जोड पाण्याच्या रेषेच्या वरती, शक्यतो पुढच्या दांडीजवळ घ्यावा तो याचसाठी. त्याकरता दिव्याला लांब वायर असलेला प्रकार शोधा.

आणि सर्व्हिसिंगला प्रेशर पंप मारणार असाल तर लक्षात ठेवा, आयपी६७ मध्ये जोराच्या फवाऱ्याची चाचणी येत नाही.

‘चेसीस आहेच.’ ट्रेलरवरच्या दिव्यांच्या तक्रारी सर्वांत जास्त इथूनच येतात. रंगाचा थर, गंजलेला नट आणि ग्रीस लावलेला टो-बॉल (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा) एवढ्यांतून अर्थ परत जाणार म्हणे! ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद होतो, इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकतो, आणि लोक नवा दिवा विकत आणतात. प्रत्येक दिव्यापासून अर्थची वेगळी वायर काढा आणि सात पिनी सॉकेटच्या ३ नंबरच्या पिनला जोडा. तिचा रंग ठरावीक पद्धतीत पांढरा असतो. दिव्यांना १ चौरस मिमी वायर पुरते. मुख्य अर्थ मात्र २.५ ची घ्या. करंटसाठी नव्हे, ओढाताणीत तुटू नये म्हणून. तपासायला मल्टिमीटरची एक टोकणी दिव्याच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि ब्रेक दाबा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठला तरी जोड खराब आहे.

‘कडेनं सिलिकॉन मारा.’ हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि ते तांबं खातं. वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना हे ॲसिड न सोडणारं, मागा. काही दिव्यांना तळाशी पाणी निथळायचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बुजवलं की आलेलं पाणी आतच तुंबतं. जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळणं तर वेळ मारून नेणं झालं. जोड क्रिम्प करून (पक्कडीनं दाबून) वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी घाला आणि दोन्ही टोकांतून गोंद बाहेर येईपर्यंत तापवा. बिनगोंदाची नळी फक्त नीटनेटकी दिसते.

‘रेझिस्टर टाका.’ इंडिकेटर फास्ट होतो तो गाडीतलेच बल्ब काढून एलईडी घातल्यावर. ट्रेलर जोडला तरी गाडीचे स्वतःचे बल्ब जागेवर असतात, त्यामुळे फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला, लोड मिळतोच. १२ व्होल्टवर ६ ओहमचा रेझिस्टर २४ वॅट उष्णता टाकतो. ती भट्टी पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरवर कशाला? बल्ब तपासणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये ट्रेलरची एलईडी हलकी लुकलुकते. त्यांना गाडीच्या बाजूला ट्रेलर मॉड्यूल लागतं.

‘पाणी गोडं आहे.’ पुराच्या गढूळ पाण्यातूनही वीज वाहते. उघड्या जोडावर १२ व्होल्ट चालू असताना तो बुडाला की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळू लागतं आणि वायर आतून काळी-हिरवी पडते. म्हणून एलईडी असली तरी उतारावर प्लग काढा आणि मगच रिव्हर्स घ्या. मालवण-देवगडला खाऱ्या पाण्यात बोट टाकत असाल तर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू वापरा आणि परतल्यावर दिवे गोड्या पाण्यानं धुवा.

५०,००० तासांबद्दल एवढंच: तो आकडा चिपचा प्रकाश सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. सील, सोल्डर आणि वायरचा त्यात हिशेब नाही.

मेसेजमध्ये नसलेला एक उपाय पूर-बचावाच्या ट्रेलरला सगळ्यांत चांगला. दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट एका फळीवर बसवा. फळी बोटीच्या मागच्या टोकाला दोन विंग नटांनी अडकवा, केबल प्लगनं जोडा. पाण्यात जाण्याआधी फळी काढून गाडीत टाकली की दिवे बुडायचा प्रश्नच उरत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला हे एका दिवसाचं काम. दिवे जमिनीपासून ३५० ते १५०० मिमीच्या दरम्यान येतील असं माप द्या, आणि इंजिन वर उचलल्यावर ते झाकले जात नाहीत ना, हे बोट ट्रेलरवर ठेवूनच बघा.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठतं तेव्हा बोट ओढायला जी गाडी सापडेल ती जुंपली जाते. जीप आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, मोठा ट्रक २४ चा. १२ व्होल्टचे दिवे तिथं पहिल्याच ब्रेकला जळू शकतात. थोडे जास्त पैसे गेले तरी १० ते ३० व्होल्टवर चालणारेच घ्या.