बहुत काय लिहिणे

मिसळ कुठली भारी, या विषयावर कोल्हापूरचा माणूस नेहमी पुराव्यानिशी बोलतो. कट नुसताच लाल की खरोखर झणझणीत, मटकीला मोड किती लांब, स्लाइस कालची की आजची, दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावर वाढणाऱ्याचं तोंड कसं होतं, सगळं सांगतो. 'तिथली मिसळ खूप छान असते' एवढ्यावर इथं कुणी कुणाचं ऐकून घेत नाही.

याच माणसाला नोकरीच्या अर्जासोबत कव्हर लेटर लिहायला बसवा. तासाभराने कागदावर उतरतं ते असं : 'मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून दिलेले काम वेळेत पूर्ण करतो.' म्हणजे नोकरीतली 'मिसळ खूप छान असते'.

माझा संशय शाळेतल्या रजेच्या अर्जावर आहे. 'विषय : दोन दिवसांची रजा मिळणेबाबत' हे वळण लहानपणी हाताला लागतं ते सुटत नाही. पुढे जात प्रमाणपत्र मिळणेबाबत, नळजोडणी मिळणेबाबत, आणि त्याच ओघात नोकरी मिळणेबाबत. इंग्रजीत लिहायचं झालं तर 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट'. शेवटी 'आपला आज्ञाधारक'. घरी आईचं ऐकत नाही तो गडी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या अनोळखी मॅनेजरचा आज्ञाधारक होऊन बसतो. आता, रजेच्या अर्जात आपल्याला काहीतरी हवं असतं आणि देणारा वर बसलेला असतो. इथं समोरच्याचीही अडचण आहे : मशीन बंद उभी आहे, ती लावून देणारा सेटर सोडून गेलाय, ऑर्डर अंगावर आलीय. त्याची अडचण तुम्ही कशी सोडवणार, तेवढं सांगायला हे पत्र असतं. 'मिळणेबाबत' हा शब्द गेला तरी निम्मं पत्र सुधारतं.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा लागतो तेव्हा व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, टवका काढतो, रंग बघतो, कणी बघतो, जिभेवर ठेवतो. अख्खा रवा कुणी खात नाही. बायोडाटा हा रवा, आणि कव्हर लेटर हा टवका. रव्याची सगळी माहिती पुन्हा त्यात कोंबायची नसते. तरीही दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, डिप्लोमाचे सहाही सेमिस्टर दोन्हीकडे लिहिणारे आहेत. काही तर रक्तगट, उंची आणि कुलदैवतही सोडत नाहीत. एकच फाइल नोकरी आणि लग्न अशा दोन्ही कामांना वापरायची असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गंमत अशी की उत्तम कव्हर लेटर यांच्या तोंडात तयार असतं. उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, चहाच्या गाड्यावर कान देऊन उभं राहा. तिथं जॉब म्हणजे नोकरी नव्हे, मशीनवर चढवायचा धातूचा तुकडा. फिक्चर म्हणजे तो पकडून ठेवणारी चौकट आणि व्हीएमसी म्हणजे तो कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन.

"काय करालायस सध्या?"

"व्हीएमसीला सेटिंग बघालोय. आधी जॉब बदलला की दरवेळी डायल लावून फिक्चर सरळ करत बसायचं, पावणेदोन तास जायचे. बेडला लोकेटिंग पिना मारून घेतल्या. आता पन्नास मिनिटांत पहिला पीस क्वालिटीकडं."

संपलं! हाच तो पत्राचा मधला परिच्छेद. आधी काय होतं, का होतं, यानं काय केलं, आता किती झालं. चारही गोष्टी घोटभर चहात आल्या. पण घरी जाऊन तो लिहितो, 'मला व्हीएमसी मशीनचे चांगले ज्ञान आहे.' पिना गेल्या, पन्नास मिनिटं गेली, उरलं ते 'चांगले ज्ञान'. म्हणून माझा साधा उपाय : लिहायला बसण्याआधी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून मित्राला आपलं काम सांगा, मग ते ऐकून उतरवा आणि 'भावा' तेवढं काढून टाका.

आकड्यांचं मात्र तारतम्य हवं. 'फाउंड्रीतलं रिजेक्शन मी शून्यावर आणलं', म्हणजे ओतलेला एकही नग बाद होत नाही, असं लिहिलं, तर शिरोली एमआयडीसीत ते मोठ्याने वाचून आणखी चारजणांना बोलावतील. ज्यानं आयुष्यात एक भट्टी पाहिलीय त्याला शून्याचा अर्थ कळतो : एकतर हा खोटं बोलतोय, नाहीतर याच्याकडे तपासणीच होत नाही. 'सातवरून साडेचार टक्क्यांवर आलं, त्यात वाळूचा ओलावा दर पाळीला दोनदा तपासण्याचं काम माझ्याकडे होतं' हे पटतं, कारण त्यात स्वतःचा वाटा तेवढाच सांगितलाय. आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ब्लो होल होतं की श्रिंकेज? ओतीव मालातले हे दोन दोष. पहिल्यात ओलावा आणि अडकलेला वायू, दुसऱ्यात धातू गोठताना आकसतो तिथं रस कमी पडलेला. ओलावा सांगून पुढे श्रिंकेज म्हणालात की पत्र आणि तुम्ही दोघंही गारद. फ्रेशर असाल तर आकडे प्रोजेक्टचे द्या, पण चारजणांच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा. फाइल बाइंडिंग केलं असेल तर दुसरं काहीतरी शोधा. जुन्या कंपनीच्या गिऱ्हाईकाचं नाव आणि पार्ट नंबर मात्र लिहू नका. तिथलं गुपित इथं सांगणारा उद्या इथलंही सांगेल, एवढा हिशेब वाचणारा करतोच.

आता मापं. एक पान, तेही पाऊण भरलेलं. अडीचशे-तीनशे शब्द पुष्कळ झाले. आधी जाहिरात पेन घेऊन वाचा आणि मागण्यांखाली रेघा मारा. समजा आठ मागण्या आहेत. आठांना आठ उत्तरं देऊ नका, वरच्या दोन-तीन धरा. बहुतेक वेळा मालकाच्या डोक्यात त्याच असतात, बाकीच्या कुणाच्यातरी जुन्या जाहिरातीतून उचललेल्या असतात. पहिल्या परिच्छेदात पद, जाहिरात कुठे पाहिली आणि तुमचं सगळ्यात वजनदार वाक्य. मध्ये पुरावा. मग हीच कंपनी का, हे दोन ओळींत. शेवटी कधी रुजू होऊ शकता ते. 'लवकरात लवकर' नको, 'नोटीस ३० दिवसांची' असं लिहा. पुण्याच्या नोकरीसाठी कोल्हापुरातून अर्ज करत असाल तर 'पुण्यात राहायला येण्याची तयारी आहे' ही ओळ हवीच, नाहीतर वाचणारा पत्ता बघूनच पान उलटतो. स्थानिक कारखान्यात याच्या उलट : कागलला राहता आणि तिन्ही पाळ्यांना येऊ शकता, हे लपवून ठेवण्यासारखं नाही.

'हीच कंपनी का' इथं मोठी पडझड होते. 'आपल्या नामांकित व अग्रगण्य संस्थेत मला खूप शिकायला मिळेल.' मालक मनात म्हणतो, बाळा, मी फी नाही, पगार देणार आहे. शिवाय 'नामांकित व अग्रगण्य' हे कुणालाही चालतं, आणि म्हणूनच ते कुणालाच लागू पडत नाही. ते काय बनवतात, नवीन काय सुरू केलंय, त्यातलं तुमच्या कामाशी काय जुळतं, यातलं एक लिहा. वेबसाइटवर दहा मिनिटं घालवली तरी सापडतं. पत्र कुणाच्या नावे पाठवायचं हे फोन करून विचारता येतं. 'डिअर सर' वाचणाऱ्या मॅडम असतात आणि 'सर/मॅडम' लिहून त्यातलं एक खोडायचं राहून गेलेलं असतं.

मग कॉपी-पेस्टचा कहर. पत्र शिरोलीच्या कंपनीला, आणि मजकुरात 'गोकुळ शिरगाव येथील आपल्या कंपनीत'. हल्ली मोबाईलकडून लिहून घेतलेल्या पत्रांत तर चौकटी कंसात 'येथे कंपनीचे नाव लिहा' हेही तसंच राहतं. मोबाईलकडून शुद्धलेखन खुशाल तपासून घ्या. पण एकाच कॉलेजची सहाजणं 'अत्यंत उत्साहित' होऊन एकाच वाक्यानं सुरुवात करतात, तेव्हा तो उत्साह कुणाचा, हे कळायला सहावं पत्र उघडावं लागत नाही.

जुन्या मालकाबद्दल एक शब्द वाकडा नको. उद्यमनगरात जुना मालक आणि नवा मालक एकाच गाड्यावर चहा पितात. मधे वर्षभर घरी असाल तर कारण एका वाक्यात सांगून पुढे चला, तिथं घुटमळलात की वाचणाराही घुटमळतो. पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तर लिहा, नाहीतर तो विषय मुलाखतीला ठेवा.

एवढं करून पाठवताना माती होते ती वेगळीच. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी पत्र समोरच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसल्याने मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करून घ्या आणि बायोडाटा पीडीएफ करून पाठवा. फाइलचं नाव 'फायनल न्यू २' नको. स्वतःचं नाव आणि पद घाला, कारण तिकडे त्या फोल्डरात अशा 'फायनल'ची जत्रा भरलेली असते. पत्र मेलच्या मजकुरातच पेस्ट करा. रिकाम्या मेलला दोन फाइली लटकवल्या तर दुसरी बहुधा उघडली जात नाही. मेलचा विषय कोरा नको, पद आणि नाव लिहा. तुमच्या मेल आयडीत 'नादखुळा' किंवा 'किंग' असेल तर नवा काढायला पाच मिनिटं लागतात. क्रम असा ठेवा : आधी फाइल जोडा, मग मजकूर, आणि ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता सगळ्यात शेवटी. म्हणजे अर्धवट मेल चुकून जात नाही आणि 'सोबत बायोडाटा जोडला आहे' म्हणून काहीच न जोडण्याचा पराक्रमही टळतो.

शेवट कसा करायचा यावर आपल्या पूर्वजांनी चांगली सोय करून ठेवलीय. जुन्या पत्रांत वर मायना कितीही लांबला तरी खाली 'बहुत काय लिहिणे' म्हणून आवरतं घेत. तेवढंच करा : 'आपल्या सोयीच्या वेळी भेटायला आवडेल', नाव, मोबाईल नंबर. आठवडाभर काही कळलं नाही तर दोन ओळींचा एकच मेल, रोज 'सर काय झालं' नको. आणि मधल्या दिवसांत कोल्हापूरच्या ०२३१ ने सुरू होणारा लँडलाइनचा फोन आला, तर 'लोन नको हो!' म्हणून खेकसून ठेवू नका.