रॅम्पचे फोटो खूप झाले, पुस्तक कधी मिळालं ते विचारा

एखाद्या महाविद्यालयात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी चांगल्या आहेत की नाहीत, हे आज आपण कशावरून ठरवतो? महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या सातव्या निकषात गेली काही वर्षं त्यासाठी एक प्रश्न होता. रॅम्प किंवा लिफ्ट, वापरता येईल असं स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक आणि स्पर्शपट्ट्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसारखं तंत्रज्ञान आणि वाचक-लेखनिकाची मदत, अशा पाच गोष्टी. त्यातल्या चार असल्या तरी सगळे गुण, तीन असतील तर थोडे कमी. पुराव्याला जिओटॅग केलेले फोटो, बिलं, धोरणाची प्रत.

मी एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, आमच्याकडच्या दिव्यांग कक्षाचं काम बघते आणि ही फाईल मी स्वतः तयार केलेली आहे. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वाचली तरी आमच्या अंध विद्यार्थिनीला दुसऱ्या सत्राचं पुस्तक परीक्षेच्या आधी वाचायला मिळालं का, हे कुणालाच कळलं नसतं. ते विचारणारा रकानाच तिथे नाही.

म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. या सोयी मोजायच्या तर विद्यार्थ्याचं वर्ष समोर धरून मोजा. प्रवेशापासून निकालापर्यंत त्याने कुठल्या तारखेला काय मागितलं आणि कुठल्या तारखेला ते त्याच्या हातात पडलं, एवढ्या नोंदी ठेवल्या तरी आपलं खरं चित्र आपल्याला दिसेल.

पुस्तकापासूनच सुरुवात करते, कारण मराठी माध्यमातून शिकणाऱ्या अंध आणि अंशतः अंध मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मुलांकडे मोबाईल आहे, त्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठी वाचतोही. अडतं ते आपण देतो त्या मजकुरापाशी. आपल्या नोट्स अजून श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. डोळ्यांना ते देवनागरी दिसतं, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. मुलांच्या कानावर पडतो तो निव्वळ गोंधळ. त्याच फाईलची पीडीएफ केली तरी तेच. वहीच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले तर तेवढंही ऐकू येत नाही. संदर्भग्रंथ छापील. त्यामुळे आई, बहीण, रूममेट, कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा अभ्यास होतो. वर्गातला दुसरा मुलगा रात्री अकरा वाजता पुस्तक उघडून बसू शकतो, आमच्या अंध विद्यार्थिनीसाठी मात्र कुणाला तरी वेळ असावा लागतो.

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक आणायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज राहिली नाही. याच कामासाठी झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ साली. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मराठी संदर्भग्रंथांची यादी घेऊन तिथे शोधायला बसलं की बहुतेक वेळा हात रिकामेच राहतात. हे काम दिल्लीत कुणी करणार नाही, ते आपल्या विद्यापीठालाच करावं लागेल. अभ्यासक्रम अभ्यास मंडळात ठरतो, संदर्भग्रंथांची यादी तिथेच होते, आणि शिकवणं सुरू व्हायच्या आधी ती सगळ्यांना माहीत असते. मग त्या यादीबरोबरच प्रत्येक पुस्तकाची युनिकोड प्रत, म्हणजे स्क्रीन रीडरला नीट वाचता येईल अशी प्रत, तयार ठेवण्याची जबाबदारी विद्यापीठाने का घेऊ नये? स्कॅन करून मजकूर उतरवून घेणं आता मराठीतही बऱ्यापैकी जमतं. जोडाक्षरं चुकतात, ती तपासायला माणूस लागतो. पण एकदा केलेली प्रत विद्यापीठाच्या सगळ्या महाविद्यालयांना, पुढची कितीतरी वर्षं पुरते.

दुसरी गोष्ट लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत मूल सांगेल ते लिहून देणाऱ्याची. मुलं त्याला रायटर म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळायला हवा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिकांची यादी तयार ठेवावी आणि मुलाला हवा असेल तर यादीतला लेखनिक द्यावा, असंही त्यात आहे. स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असं २०१८ च्या त्या सूचनांत होतं. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने स्वतःचा लेखनिक स्वतःच शोधला आहे, कारण यादी कुठे आहे हेच कुणाला सांगता येत नाही. वेळापत्रक ऐनवेळी बदलतं आणि ठरवलेल्या लेखनिकाचा स्वतःचा पेपर नेमका त्याच दिवशी येतो. अकरावीतला पोरगा लिहायला बसतो, तो बिचारा मनापासून लिहितो, पण ‘संघराज्यवाद’ किंवा ‘सार्वभौमत्व’ हे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात, ते अक्षर अक्षर सांगावे लागतात आणि जादा मिळालेला तास त्यातच जातो.

आणि तो जादा तास तरी नीट कुठे मिळतो? सकाळचा पेपर दहा ते एक, दुपारचा दोनला. त्याच दिवशी दोन्ही पेपर असतील तर अंध मुलगा दोनपर्यंत पहिलाच पेपर देत असतो. वेळापत्रक करताना हे मूल कुणाच्या डोळ्यासमोरच नसतं. पर्यवेक्षकाला सुटायची घाई असते, शिपाई दोनदा डोकावून जातो. मुलं मग स्वतःच ‘झालं सर’ म्हणून उठतात. नियमाप्रमाणे जादा वेळ दिला, अशी नोंद होते.

हाताने लिहिताना त्रास होणाऱ्या, पण प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व नसलेल्या मुलांनाही लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. कुणाला कोणती सोय लागेल हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवायचं असतं, हेही त्या निकालात आहे. तरी आजही ‘चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आण’ हे वाक्य परीक्षा विभागाच्या खिडकीवर ऐकू येतं. वाचन-लेखनाची अडचण असलेली कितीतरी मुलं दहावीला सवलत घेऊन पास झालेली असतात आणि कॉलेजात आल्यावर मागायचंच सोडून देतात.

कर्णबधिर मुलांबद्दल मला जास्त लिहिता यायला हवं होतं, पण ती आमच्यापर्यंत फार थोडी पोचतात. आली तर पहिल्या बाकावर बसून आमच्या ओठांकडे बघतात आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून बोलत राहतो. सांकेतिक भाषेचा दुभाषा वर्गात असणं ही गोष्ट तालुक्याच्या गावात आजही कल्पनेतली आहे. बोललेलं मराठी मोबाईलवर लिहून दाखवणारी ॲप आता आहेत, ती निदान सुरू करून टेबलावर ठेवायला कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागू नये.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांसाठी लिफ्टचा प्रस्ताव वर्षानुवर्षं फिरत असतो. तोवर त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणणं हे वेळापत्रक समितीच्या हातात आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. तरी ते व्हायला प्रत्येक सत्रात नव्याने अर्ज का द्यावा लागतो?

आता मूल्यमापनाकडे येते. विद्यार्थ्यांना विचारा, असं सगळेच म्हणतात. आम्ही विचारतोही. दरवर्षी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतो, एक ते पाच गुण. दिव्यांग मुलं जवळजवळ नेहमी पाच देतात. याचं कारण मला हळूहळू कळत गेलं. एक तर महाविद्यालयात दोनच अंध विद्यार्थी असतील तर नाव न लिहिलेला फॉर्म कुणाचा, हे सगळ्यांना कळतं. अंतर्गत गुण आमच्या हातात, शिफारसपत्र आमच्या हातात, पुढच्या वेळी लेखनिकाच्या अर्जावर सही करणारे आम्हीच. ती मुलं खरं कशी लिहितील? दुसरं म्हणजे त्यांनी इतकं थोडं मिळवत शिक्षण केलेलं असतं की आपण केलेली साधी गोष्टही त्यांना उपकार वाटते. ‘मॅडम, तुम्ही आमच्यासाठी खूप करता,’ असं मुलं म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण मी केलेलं बहुतेक काम २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने त्यांना आधीच दिलेलं आहे.

म्हणून समाधान मोजू नका, घटना मोजा. पुस्तक मागितलं कधी, मिळालं कधी? लेखनिक पेपरच्या किती दिवस आधी नक्की झाला? जादा वेळ पूर्ण मिळाला का, किती मिनिटं? प्रॅक्टिकलला प्रयोग स्वतः केला की बाजूला बसवून जर्नल उतरवायला दिलं? अंध, कर्णबधिर, हालचालीची अडचण असलेल्या, मानसिक आजाराशी झगडणाऱ्या मुलांची उत्तरं वेगवेगळी मांडा, सगळ्यांची सरासरी काढली की कुणाचंच दुखणं दिसत नाही. आणि हे महाविद्यालयाने विचारू नये. विद्यापीठाच्या पातळीवर, बाहेरच्या माणसांनी, शक्यतो पास होऊन गेलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांनी विचारावं. त्यांना काय विचारायचं ते आमच्यापेक्षा चांगलं कळतं. विद्यार्थी आणि पालकांना घेऊन संस्थेत या सोयींसाठी एक समिती असावी, ही कल्पना सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालातही आहे. ती कागदावर पुष्कळ ठिकाणी आहे. बैठकीच्या इतिवृत्तात विद्यार्थ्याने मांडलेला एखादा मुद्दा सापडतो का, ते बघावं.

‘एवढ्या थोड्या मुलांसाठी?’ हा प्रश्न मला सहकाऱ्यांकडून आलेला आहे, वाईट हेतूने नाही. पण मुलं थोडी का आहेत? २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरातले विद्यार्थी ४ कोटी १३ लाखांवर होते आणि त्यात दिव्यांग ७९ हजारांच्या आसपास. हजारी दोनसुद्धा नाहीत. ते कोविडचं वर्ष होतं हे धरूनही हा आकडा फार लहान आहे, कारण २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं आणि एकट्या महाराष्ट्रात ती संख्या २९ लाखांच्या वर होती. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांवर मुलं येत नाहीत आणि आलेल्यांतली काही दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. प्रवेश किती झाले हे विद्यापीठ सांगतं. पहिल्या वर्षाला आलेल्यांतली किती मुलं तिसऱ्या वर्षाचा निकाल घेऊन बाहेर पडली, हा आकडा मी कधीच छापलेला पाहिलेला नाही. माझ्या मते सोयींची सगळ्यात खरी परीक्षा तोच आकडा घेतो.

काय केलं तर फरक पडतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. असं केंद्र टिकतं ते हेच काम करणाऱ्या माणसांमुळे. इतर बहुतेक ठिकाणी आमच्यासारखे प्राध्यापक शिकवण्याचा पूर्ण भार सांभाळून उरलेल्या वेळात हा कक्ष बघतात. प्रत्येक महाविद्यालयाला हे परवडणार नाही, मान्य. मग जिल्ह्याला एक केंद्र करा. एक पूर्णवेळ, प्रशिक्षित, पगारी माणूस, एक चांगला स्कॅनर, लेखनिकांची जिवंत यादी, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांना तिथे फोन करायची मुभा. प्रत्येक कॉलेजने एकेक यंत्र विकत घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, त्या विभागाने उच्च शिक्षण विभागाशी बसून एवढं एक ठरवावं.

माझ्या यादीत विद्यापीठाच्या सिनेटवर असलेले मित्र-मैत्रिणी आहेत. अर्थसंकल्पाच्या बैठकीत कृपा करून हे विचारा: दिव्यांग विद्यार्थ्यांच्या नावाने गेल्या वर्षी किती तरतूद होती, त्यातली किती खर्च झाली, आणि त्या पैशातून किती पुस्तकांच्या युनिकोड प्रती तयार झाल्या? उत्तर लेखी मागा आणि मिळालं की इथे टाका. शिकवणाऱ्या मित्रांनी आपल्या नोट्स या आठवड्यात युनिकोडमध्ये करून घ्याव्यात. जुन्या फाईली बदलायला मदत हवी असेल तर मला मेसेज करा, मी करून देईन.